एका मिलिमीटरचा शंभरावा भाग

घरी जुळवलेल्या रायफलीतून शंभर मीटरवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं मध्यापासून चांगली वितभर डावीकडे पडली, पण एकमेकांना इतकी चिकटून की दोन बोटांखाली झाकली जावीत. अशा रायफलीवर नाराज व्हायचं कारण नाही. दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवला की अख्खा पुंजका मध्यावर येतो. मध्याभोवती चहूकडे विखुरलेली भोकं मात्र कुठलाच स्क्रू गोळा करू शकत नाही. अचूकता सुधारायची म्हणजे हा पुंजका लहान करायचा, आणि त्यासाठी रायफलीने प्रत्येक गोळीला अगदी तशीच वागणूक द्यायला हवी.

तशीच म्हणजे किती तशी? शिकारीच्या रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतात. समजा, दर २५ सेंटिमीटरला त्यांचा एक फेरा पूर्ण होतो आणि गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने बाहेर पडते. मग तोंडाशी ती सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा स्वतःभोवती फिरत असते. भोवरा फिरताना उभा राहतो तशी ही फिरकी गोळीचं टोक पुढे ठेवते. फिरकी कमी पडली तर गोळी कोलांट्या खाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं. पण तीच फिरकी गोळीतला बारीकसा दोषही मोठा करते. गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षापासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका सरकलेला असला, तर नळी सोडताना तिला सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटरचा आडवा वेग मिळतो. शंभर मीटर जायला तिला सेकंदाचा आठवा भाग लागतो. तेवढ्यात ती अडीच सेंटिमीटर बाजूला जाते. कुठल्या बाजूला, हे तोंडाशी दोष कुठल्या दिशेला होता त्यावर ठरतं.

गोळी वाट का सोडते, याचा शास्त्रशुद्ध शोध अठराव्या शतकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने घेतला. तोफगोळ्यांच्या गतीवरचं त्याचं पुस्तक १७४२ साली आलं. गुळगुळीत नळीतली सैल गोळी भिंतींना घासत बाहेर पडते आणि कशीही फिरू लागते, असा त्याचा कयास होता. तो तपासण्यासाठी त्याने बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी आधी डावीकडे गेली, मग वळून उजवीकडे भरकटली! वाकलेल्या भागात उजव्या भिंतीला घासून मिळालेल्या फिरकीचा हा परिणाम. केवळ कागदावरच्या भोकांवरून हवेतली अदृश्य वाट वाचणारा हा प्रयोग मला आजही फार सुंदर वाटतो.

पुढे अमेरिकेतल्या फ्रँकलिन मान या डॉक्टरने गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडल्या. त्याचे निष्कर्ष १९०९ साली प्रसिद्ध झाले. टोक खराब केलेल्या गोळ्या फारशा भरकटल्या नाहीत. बूड तिरपं कापलेल्या गोळ्या मात्र दूर फेकल्या गेल्या. कारण नळीच्या तोंडाशी आहे. गोळीचं बूड बाहेर पडतं त्या क्षणी मागे शेकडो वातावरणांच्या दाबाचा वायू असतो. सगळीकडून एकाच वेळी सुटला, तर तो गोळीला सरळ ढकलतो. तोंडाच्या आतल्या कडेला एखादी खोच असेल, तर वायू तिथून आधी निसटतो आणि बूड एका अंगाला लोटलं जातं. म्हणून रायफल मोकळी असल्याची खात्री करून ही कड उजेडात भिंगाखाली नीट पाहावी. पुष्कळदा ती झिजवलेली असते ती साफसफाईनेच, तोंडाकडून घातलेल्या सळईच्या घासण्याने. कड दुरुस्त करायची तर जाणत्या कारागिराकडून लेथवर. घरी कानस लावून नव्हे.

घरच्या जुळणीतला सर्वांत मोठा दोष मात्र बहुधा लाकडात असतो. गोळी नळीत जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग असते, पण तेवढ्यात पोलादी नळी सुराच्या काट्यासारखी थरथरू लागते. ६० सेंटिमीटरच्या नळीचं तोंड मुळाच्या तुलनेत ०.१७ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतकं, तिरकं सरकलं की शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. थरथर दर वेळी सारखीच असेल तर त्रास नाही, कारण प्रत्येक गोळी त्याच तिरकेपणाने निघते. पण दस्त्याचं लाकूड नळीला कुठेतरी टेकत असेल, तर दमट दिवशी ते फुगून जास्त दाबतं, कोरड्या दिवशी सैल पडतं, आणि चार गोळ्यांनी तापलेली नळी आणखी वेगळी टेकते. कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून पाहा. जिथे अडते तिथे लाकूड लागतंय. नळी मोकळी सोडणं आणि तिच्या मागचा यंत्रभाग दस्त्यात इपॉक्सीच्या साच्यात घट्ट, न हलता बसवणं, या दोन कामांनी जेवढा फरक पडतो तेवढा महागडी नळी घेऊनही बरेचदा पडत नाही.

यानंतर बहुतेक जण एका सापळ्यात अडकतात. एक बदल करायचा, तीन गोळ्या झाडायच्या, पुंजका लहान दिसला की बदल लागू पडला म्हणायचं. पण काहीही न बदलता त्याच रायफलीतून तीन-तीन गोळ्यांचे पुंजके मारत गेलात, तरी काही छोटे, काही दुप्पट मोठे येतील. दहा गोळ्यांचा पुंजका तीन गोळ्यांच्या पुंजक्याच्या सरासरीने दीडपटीहून मोठा असतो. जास्त गोळ्या झाडल्या की कडेच्या गोळीला जागा मिळते, एवढंच. तीन भोकांवरून स्क्रू, काडतुसं आणि दस्ता बदलत राहणारा माणूस योगायोगामागे धावतो. एका वेळी एकच बदल आणि निदान दहा गोळ्या, एवढी चिकाटी हवी.

शिकारीसाठी तर आणखी एक अट आहे. रानात पहिलीच गोळी, थंड नळीतून, लागायला हवी. ती चुकीच्या जागी लागली तर जनावर जखमी होऊन तडफडत जातं, आणि हा त्रास देण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून जिथे गोळीबाराची परवानगी आहे अशा मैदानावर रोज एकच गोळी झाडावी, थंड नळीतून, दहा दिवस, त्याच कागदावर. दहाव्या दिवशी त्या कागदावर जो पुंजका दिसेल, तो त्या रायफलीचा खरा पुंजका. आणि किती अंतरापर्यंत चाप ओढायचा, तेही त्याच्याच रुंदीवरून ठरवायचं.