विसरण आणि वस्तुमान संक्रमण

एखाद्या पदार्थाचे रेणू जिथे दाट आहेत तिथून विरळ जागेकडे केवळ स्वतःच्या औष्णिक हालचालीने पसरत जातात, त्या क्रियेला विसरण म्हणतात. यात रेणूला दिशा ठाऊक नसते, तो सैरावैराच फिरतो. पण दाट बाजूला रेणू जास्त असल्याने तिकडून निघणारेही जास्त असतात आणि एकूण ओघ विरळ बाजूकडे वळतो. या विसरणाला वारा, प्रवाह किंवा ढवळणे यांची जोड मिळून पदार्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी किंवा एका अवस्थेतून दुसरीत जातो, तेव्हा त्या सगळ्या व्यवहाराला वस्तुमान संक्रमण हे व्यापक नाव आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात साखर, तंबाखू, मातीकाम आणि यंत्रभाग हे धंदे शेजारी शेजारी चालतात. त्यांतल्या प्रत्येकात हा विषय रोजच्या कामाचा आहे, म्हणून तो इथल्या उदाहरणांनीच समजून घेणे सोयीचे.

वायूचा विसरणवेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे टॉमस ग्रॅहम यांनी १८३३ मध्ये मांडले. पुढे १८५५ मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, फूर्ये यांच्या उष्णतावहनाच्या सिद्धांताच्या धर्तीवर, विसरणाचा मूळ नियम दिला. एकक क्षेत्रातून एकक वेळात जाणारा पदार्थ संहतीच्या उताराच्या, म्हणजे अंतरागणिक दाटपणा किती घटतो त्याच्या, प्रमाणात असतो आणि त्या प्रमाणाचा स्थिरांक म्हणजे विसरण गुणांक. हा गुणांक दर सेकंदाला किती चौरस सेंटिमीटर असा मोजतात. २५ अंश सेल्सिअसला हवेतील पाण्याच्या वाफेसाठी तो सुमारे पाव, पाण्यात विरघळलेल्या साखरेसाठी सुमारे दोन लाखावा भाग, तर ९२५ अंशांच्या पोलादात शिरणाऱ्या कार्बनसाठी साधारण एक कोटीवा भाग असतो.

विसरणाचा सर्वांत महत्त्वाचा आणि शाळेत सर्वांत कमी सांगितला जाणारा गुण म्हणजे त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. अजिबात न हललेल्या पाण्यात साखरेला एक मिलिमीटर सरकायला सुमारे पाव तास लागतो. एक सेंटिमीटरला एक दिवसाहून थोडा अधिक, आणि दहा सेंटिमीटरला जवळजवळ चार महिने. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये ब्राउनीय गतीचे, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या सैरावैरा हालचालीचे, गणित मांडले, त्यात हा वर्गाचा संबंध थेट येतो. अत्तराची बाटली उघडली की खोलीभर वास पसरतो, हे विसरणाचे उदाहरण म्हणून सरसकट दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. निश्चल हवेत तो वास एक मीटर जायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ घेईल. आपल्यापर्यंत तो लगेच पोचतो तो हवेच्या झुळकांमुळे.

वायूंतील गुणांक दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो, आणि त्याच तापमानाला वाफेचे विसरण किनाऱ्यापेक्षा जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी अधिक वेगाने होते.

द्रवांतील संक्रमण पाहायचे तर साखर कारखान्यात जावे. गाळप झालेल्या रसाच्या शुद्धीकरणासाठी गंधक जाळून मिळालेला सल्फर डायऑक्साइड आणि चुन्याचे दुधाळ द्रावण रसात सोडतात. वायू रसात उतरताना दोन अडथळे पार करतो: सीमेच्या वायूकडचा पातळ पापुद्रा आणि द्रवाकडचा पापुद्रा. त्यांच्यातून वाट फक्त विसरणाची, आणि दोन्हींच्या रोधांची बेरीज होते. व्हिटमन यांनी १९२३ मध्ये मांडलेला हा द्विपटल सिद्धांत वास्तवाचे सोपे रूप असला तरी कारखान्याच्या आराखड्यात आजही कामाला येतो. वायू बारीक बुडबुड्यांत फोडला आणि रस घुसळत ठेवला, की संपर्काचे क्षेत्र वाढते आणि पापुद्रे पातळ होतात.

त्याहून नाजूक टप्पा निर्वात पॅनमधला, म्हणजे कमी दाबाखाली पाक उकळून साखरेचे दाणे वाढवायच्या भांड्यातला. तिथे पाकातली साखर वाढत्या दाण्यावर जाऊन बसते, पण त्याआधी तिला दाण्याभोवतीचा पाकाचा थर ओलांडावा लागतो. द्रवात विसरण गुणांक चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. साखर निघत गेली की उरलेला पाक अशुद्धीने दाट होतो आणि वाढ मंदावते. म्हणूनच दाणे आणि पाक यांचे शेवटच्या प्रतीचे मिश्रण क्रिस्टलायझर नावाच्या टाकीत तासन् तास, सावकाश थंड करत फिरवावे लागते. इथे घाई केली तर साखर मळीत जाते. अर्थात कितीही वेळ दिला तरी थोडी साखर मळीत राहतेच, कारण अशुद्धींमुळे ती विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवली जाते; ती पुढे आसवनीच्या उपयोगी पडते.

घन पदार्थात अणू हलत असतील यावर पूर्वी विश्वास बसत नसे. रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी १८९६ मध्ये घन शिशात सोन्याचे विसरण मोजून दाखवले. बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीत ओतकामाचे आणि यंत्रभागांचे कारखाने आहेत. अशा भागांवर केल्या जाणाऱ्या केस हार्डनिंगमध्ये हीच क्रिया मुद्दाम घडवतात. कमी कार्बनचे पोलाद ९०० ते ९५० अंशांवर कार्बनयुक्त वायूत ठेवले की कार्बनचे लहान अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून आत सरकतात. मग भाग झटकन थंड केला की वरचा थर कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. कठीण थराची जाडी दुप्पट हवी असेल तर भट्टीतला वेळ चौपट द्यावा लागतो. तापमान ५० अंशांनी वाढवले तर विसरण जवळपास पावणेदोन पट होते, पण पोलादाचे कण जाड होऊन भाग ठिसूळ व्हायचा धोका असतो.

खानापूरच्या कुंभारकामात पाणी उलट्या दिशेने, आतून बाहेर येते. ओल्या मडक्याचा पृष्ठभाग भिजलेला असेपर्यंत वाळण्याचा वेग बाहेरच्या हवेवर ठरतो. तो सुकला, की आतले पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने आणि विसरणाने किती लवकर वर येते यावर सगळे अवलंबून असते. कडक उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला भाग ओलाच राहतो आणि भांडे तडकते. सावलीत, ओल्या फडक्याखाली वाळवण्याची रीत हा फरक कमी ठेवण्यासाठीच आहे, आणि जाड बुडाच्या भांड्याला ती जास्त दिवस पाळावी लागते.

निपाणीच्या तंबाखूतही पानाची जाडीच निर्णायक ठरते. वाळलेले पान दुपारच्या उन्हात हात लावताच चुरते. पहाटेच्या दमट हवेत तेच मऊ पडते, कारण पातळ पानातून ओलावा आरपार जायला थोडाच वेळ लागतो. पानांची गाठ बांधली की मात्र मधल्या पानांपर्यंत ओलावा पोचायला फार काळ जातो, म्हणून पान सुटे असतानाच दमट करून घेतात आणि मग बांधतात.