कढीलिंब : पानातील रसायने आणि त्यांचे परिणाम

कढीलिंब (कढीपत्ता, गोडलिंब) हा लिंबू, संत्रे, बेल व कवठ यांच्या रूटेसी कुलातील लहान वृक्ष आहे. नावात लिंब असला तरी कडुलिंबाचे कुल वेगळे. शास्त्रीय नाव मुराया कोएनिगी. बर्गेरा कोएनिगी हे स्वीडिश वनस्पतिज्ञ लिनीअसने दिलेले जुने नावही आता पुन्हा वापरात आले आहे. त्यातला ‘कोएनिगी’ म्हणजे तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत काम केलेला वैद्य व वनस्पतिज्ञ योहान गेरहार्ड क्योनिग.

पान उजेडासमोर धरले तर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. या तैलग्रंथी. त्यांतल्या बाष्पनशील तेलात पायनीन, सॅबिनीन, कॅरिओफायलीन अशी टर्पीन वर्गातील द्रव्ये असतात आणि त्यांचे प्रमाण झाडागणिक, प्रदेशागणिक बदलते. मात्र प्रमाणाने मोठे तेच वासाला जबाबदार, असे इथे नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन स्टाइनहाउस यांनी २०१५ मध्ये दाखवले की कढीलिंबाचा खास, किंचित जळकट वास मुख्यतः १-फेनिलइथेनथायॉल या गंधकयुक्त संयुगाचा आहे. ते अत्यल्प असते, पण नाकाला लगेच जाणवते. लिनलूल, सिनिओल आणि ताज्या पानाचा हिरवट वास देणारे हेक्सेनाल त्याला साथ देतात. ही द्रव्ये उडून जाणारी असल्यामुळे सुकवून डब्यात भरलेल्या पानांना ताज्या डहाळीची सर येत नाही.

वैद्यकीय कुतूहल मात्र वेगळ्याच द्रव्यांभोवती आहे, आणि सर्वसामान्य लिखाणात नेमकी इथेच गल्लत होते. ही द्रव्ये म्हणजे कार्बाझोल अल्कलॉइडे; अल्कलॉइडे म्हणजे वनस्पतींत तयार होणारी नायट्रोजनयुक्त संयुगे. दोन बेंझीन वलये आणि त्यांच्या मधोमध नायट्रोजन असलेले पाच अणूंचे वलय, अशी त्यांची मूळ बांधणी. कार्बाझोल १८७२ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरात सापडले होते. ते झाडातही तयार होत असेल अशी कल्पना नव्हती. १९६५ मध्ये डी. पी. चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी कढीलिंबातून वेगळ्या केलेल्या मुरायानीनची रचना मांडली. वनस्पतीतून मिळालेले हे पहिले कार्बाझोल अल्कलॉइड. पुढे गिरिनिंबीन, महानिंबीन, कोएनिंबीन, महानीन अशी मालिकाच हाती लागली. गिरिनिंब हे या झाडाचे संस्कृत नाव. डांबरातून सुरू झालेल्या रसायनशास्त्रात ते असे जाऊन बसले, याचे अप्रूप वाटते.

या अल्कलॉइडांवर प्रयोग भरपूर झाले आहेत. परीक्षानळीत ती ऑक्सिडीकरण रोखतात, काही जिवाणूंची वाढ थांबवतात. पिष्टाचे पचन करणाऱ्या अमायलेज विकराला महानिंबीन आवर घालते, आणि मधुमेही उंदरांमध्ये पानांच्या अर्काने रक्तशर्करा उतरल्याच्या नोंदी आहेत. महानीन व गिरिनिंबीन यांमुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशी मरतात, असेही आढळले आहे. पण पेशींवर थेट सोडलेले शुद्ध द्रव्य आणि पोटातून, यकृतातून वाट काढत रक्तात पोहोचणारा त्याचा अंश यांत मोठे अंतर आहे. माणसांवरील अभ्यास थोडे आणि लहान आहेत. त्यामुळे कढीलिंबाने मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो, असे म्हणायला आज आधार नाही. खोबरेल तेलात पाने उकळून केसांना लावण्याची रीत घरोघरी आहे. पांढरे केस त्याने काळे होतात, याचा ठोस पुरावा मात्र नाही.

पोषणाचा हिशेबही प्रमाणाचाच आहे. जुन्या भारतीय आहारतक्त्यांत १०० ग्रॅम पानांत ८३० मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे. शिवाय कॅरोटीन विपुल. पण फोडणीत पडतात आठ-दहा पाने, वजनाने एक-दोन ग्रॅम. त्यात पानातील ऑक्झलेट कॅल्शियमचा काही भाग शोषू देत नाही. फोडणीच्या तेलात वास उतरतो, पण कॅल्शियम आणि तंतू पानातच राहतात, आणि ते पान बहुतेक जण ताटाच्या कडेला काढून ठेवतात. तीळ, सुके खोबरे घालून केलेल्या कढीलिंबाच्या कोरड्या चटणीत मूठमूठ पाने कुटून पोटात जातात; पानांचा खरा उपयोग करून घेणारा पदार्थ तो.

स्वयंपाकातले प्रमाण निर्धोक मानले जाते. तीव्र अर्क किंवा कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. रक्तशर्करा उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी असे अर्क किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.