जॉन रूट : शिकागोच्या चिकणमातीवरची कारकीर्द

१८७१च्या ऑक्टोबरात शिकागो जळून खाक झालं आणि कामाच्या शोधात तरुण वास्तुविशारदांची तिकडे रीघ लागली. जॉन वेलबॉर्न रूट त्यांतलाच. जन्म १८५०चा, जॉर्जियातला. यादवी युद्धाच्या काळात काही वर्षं लिव्हरपूलला शिक्षण आणि १८६९मध्ये न्यूयॉर्कला स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. पुढे हीच पदवी कामी आली. १८७३मध्ये डॅनियल बर्नहॅमशी भागीदारी झाली. गिऱ्हाइकं आणि व्यवहार बर्नहॅमकडे, इमारतींची रचना रूटकडे.

शिकागोची जमीन म्हणजे पाणी धरलेली चिकणमाती, खडक बराच खोल. इमारत खचणार हे धरूनच चालायचं. ती सगळीकडे सारखी खचावी, एवढंच हातात. म्हणून प्रत्येक पायाचं क्षेत्रफळ त्यावरच्या भाराच्या प्रमाणात ठेवत. प्रमाण चुकलं की एखादा कोपरा जास्त बसतो, भिंतींना तिरक्या भेगा जातात, दारं अडकतात, नळ तुटतात. दगडी पायऱ्यापायऱ्यांचा पाया भार पसरवायचा, पण तळघराची जागा खायचा आणि स्वतःच्या वजनानेही जमीन दाबायचा. १८८२च्या दहा मजली मोंटॉक इमारतीसाठी रूटने रेल्वेचे रूळ वापरले. रुळांचा एक थर, त्यावर काटकोनात दुसरा, आणि सगळं काँक्रीटमध्ये बुजवलेलं. दगड वाक सोसत नाही, रूळ सोसतात. त्यामुळे थोड्या जाडीत रुंद पाया मिळाला आणि काँक्रीटने गंजही रोखला.

१८८८ची रुकरी ही शिकागोतली इमारत आतून लोखंडी सांगाड्याची, काचेच्या छताच्या चौकाभोवतीची. ती आजही उभी आहे, आणि आमच्या मते रूटचं सर्वांत देखणं काम तेच.

मोनॅडनॉक ही शिकागोतलीच इमारत मात्र वेगळ्याच हट्टातून आली. मालक बोस्टनचे ब्रूक्स बंधू. पीटर ब्रूक्सला दर्शनी भागावर नक्षी, कंगोरे काही नको होतं: त्यांवर धूळ साचते, कबुतरं बसतात! शेवटी रूटने सोळा मजले साध्या विटांत चढवले. भार पेलणाऱ्या बाहेरच्या भिंती तळाशी सहा फूट जाड झाल्या. इमारत आठ इंच खचेल असा हिशेब होता. १९४८पर्यंत ती वीस इंच खाली गेली होती, आणि रस्त्यावरून तळमजल्यात जायला पायरी उतरावी लागे.

जानेवारी १८९१मध्ये, शिकागोत भरणाऱ्या कोलंबियन जागतिक प्रदर्शनाची आखणी चालू असताना, रूट न्यूमोनियाने गेला. वय ४१. मोनॅडनॉक त्याच वर्षी पुरी झाली. तिचा दक्षिणेकडचा भाग १८९३मध्ये होलाबर्ड आणि रोश यांनी जोडला, तो पोलादी सांगाड्यावर.