‘स्थिती २’ म्हणजे नेमकी कोणती?

म्हापशाच्या बाजारात जी विसवण, तीच मुंबईत सुरमई. नाव बदलले तरी मासा समोर असतो, त्यामुळे व्यवहार अडत नाही. पण एकाच नावाने दोन वेगळे मासे विकले गेले आणि घेणाऱ्याच्या हाती फक्त पावती आली, तर? तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या श्वसनावरचे शोधनिबंध वाचताना ‘स्थिती २’ या नावाबाबत हेच होते.

हे श्वसन नाकातले नव्हे, पेशीतले. ते समजायला खाजन शेतीचा, म्हणजे खाऱ्या पाण्याला अडवून केलेल्या शेतीचा, बांध डोळ्यांसमोर आणा. बांधापलीकडे पंपाने पाणी चढवले आहे आणि ते परत यायची रीतसर वाट एकच, मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार. त्या मानशीत एक चक्र बसवले आहे अशी कल्पना करा. पाणी उतरले की चक्र फिरते आणि माल तयार होतो. तंतुकणिकेचे आतले पटल हा बांध, प्रोटॉन हे पाणी, एटीपी सिंथेज हे चक्र आणि एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन हा माल. पंप चालतात अन्नातून आलेल्या इलेक्ट्रॉनांवर, आणि ते इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला मिळतात. म्हणून ऑक्सिजन किती वेगाने संपतो हे मोजले की पंपांचा वेग कळतो. ही मूळ कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना तिच्यासाठीच मिळाले.

चक्राला कच्चा माल लागतो, तो एडीपी. एडीपी नसला की मानस बंद. पाणी तुंबते, दाब वाढतो, त्या दाबापुढे पंप मंदावतात. पण थांबत नाहीत, कारण बांधात कुर्ल्यांची बिळे असतातच. तेवढी गळती भरून काढण्यापुरते पंप चालू राहतात. एफसीसीपी हे रसायन मात्र बांधालाच खिंडार पाडते. मग दाब उरत नाही, पंप सुसाट धावतात आणि माल काहीच मिळत नाही.

यातूनच दिसते की श्वसनाचा वेग एरवी मागणीवर, म्हणजे एडीपीवर ठरतो. ऑक्सिजन वापरणारे शेवटचे विकर (एन्झाइम) १ मायक्रोमोलरहून कमी ऑक्सिजनवरही निम्म्या वेगाने चालते. त्यामुळे ‘जादा ऑक्सिजन घातलेले पाणी पेशींची ऊर्जा वाढवते’ ही जाहिरात निखालस खोटी आहे. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन तसेही ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते.

१९५५ मध्ये ब्रिटन चान्स आणि विल्यम्स यांनी या अवस्थांना १ ते ५ असे क्रमांक दिले. बंद भांड्यात काय कधी घातले वा संपले, त्याचा तो क्रम होता. मूळ स्थिती २ मध्ये एडीपी आहे, पण इंधन नाही. पुढे अनेकांनी इंधन आधी घालायला सुरुवात केली आणि ‘इंधन आहे, एडीपी नाही’ या अवस्थेलाही स्थिती २ म्हटले. पहिलीत पंपांना चालवायलाच काही नाही, दुसरीत ते गळतीपुरते चालतात.

स्थिती ४ चेही तसेच. एडीपी संपल्यावरचा मंद वेग म्हणजे गळती, असे धरले जाते. पण नमुन्यात एटीपी तोडणारी भेसळ विकरे असली तर एडीपी पुन्हा तयार होत राहतो आणि ‘गळती’ फुगते. खात्री करायची तर ऑलिगोमायसिन घालून चक्रच अडवावे लागते. इंधन आणि एडीपी दोन्ही असतानाच्या स्थिती ३ मध्ये एडीपी भरपूर होता की जेमतेम, हे क्रमांकावरून कळत नाही. स्नायूच्या सच्छिद्र केलेल्या तंतूंत तो आतवर पोहोचायला कित्येकदा २.५ ते ५ मिलिमोलर लागतो. कमी घातला तर कमी क्षमता नोंदली जाते आणि दोष पेशीवर येतो.

म्हणून माइटोईगल या युरोपात सुरू झालेल्या प्रकल्पातल्या शेकडो संशोधकांनी २०२० मध्ये एकत्र मांडणी केली: नाव कृतीच्या क्रमावरून नको, पटलाशी काय चालले आहे त्यावरून हवे. चक्र बंद असताना गळती-श्वसन, एडीपी भरपूर असताना उत्पादन-श्वसन, खिंडार पाडल्यावर मोकळे श्वसन. एफसीसीपी एकदम ओतू नये, ०.५ मायक्रोमोलरच्या टप्प्यांनी वेग वाढायचा थांबेपर्यंत घालावे. जास्त झाले तर तेच श्वसन दाबते आणि मोकळा वेग खोटा कमी येतो.

गोव्यात शिनाण्यांवर, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांवर, असे काम करायचे तर आणखी एक अडचण येते. सस्तन प्राण्यांसाठीचे द्रावण साधारण ३०० मिलिऑस्मोलचे (विरघळलेल्या पदार्थांच्या दाटपणाचे एकक) असते, शिनाण्यांच्या पेशी मात्र समुद्राच्या पाण्याशी जुळतात, म्हणजे १००० च्या आसपास. त्या पातळ द्रावणात तंतुकणिका फुगून फुटतात. सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन धड बाहेरच्या पटलातून आत शिरत नाही; म्हणून ते बाहेरून घातल्यावर वेग लक्षणीय वाढला, तर बाहेरचे पटल फाटले आहे असे समजावे.

एककांतही सापळा आहे. जुन्या निबंधांत ऑक्सिजनचे अणू मोजलेले असतात, नव्यांत रेणू. दर मिनिटाला १२० नॅनोमोल अणू म्हणजे ६० नॅनोमोल रेणू, म्हणजेच सेकंदाला १ नॅनोमोल.

सगळी विषे घालून पंपांची साखळी बंद केल्यावरही थोडा ऑक्सिजन खर्च होतच राहतो. तो बाकी सगळ्या आकड्यांतून वजा करायचा असतो. त्याच्या ‘रेसिड्युअल’ या इंग्रजी नावावरून त्याला मराठीत ‘शिल्लक’ म्हणण्याचा मोह होईल, पण शिल्लक म्हणजे न वापरलेला. हा ऑक्सिजन तर दुसऱ्या विकरांनी वापरलेला असतो. ‘इतर खर्च’ हे नाव बरोबर बसते.