मिसिसिपी आरोग्य प्रकल्प

अमेरिकेतील कृष्णवर्णीय महाविद्यालयीन स्त्रियांच्या ‘अल्फा कप्पा अल्फा’ या भगिनीमंडळाने (सोरोरिटी) मिसिसिपी राज्यातील कापूस-पट्ट्यात १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दर उन्हाळ्यात चालवलेला स्वयंसेवी वैद्यकीय उपक्रम. आरंभवर्ष बहुधा १९३५ धरतात. आदल्या उन्हाळ्यात शिक्षकांसाठी भरवलेला वर्ग जमेस धरणारे ते १९३४ मानतात. अखेर काही ठिकाणी १९४१, तर काही ठिकाणी १९४२ अशी दिलेली आढळते.

हे मंडळ वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी स्थापन झाले. ग्रीक अक्षरांचे नाव घेणारी कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिलीच संघटना. मराठी वाचकांच्या कानावर तिचे नाव गेले ते बहुधा कमला हॅरिस यांच्यामुळे. त्या हॉवर्डमध्ये असताना तिच्या सभासद झाल्या. मात्र ‘कॉलेजच्या मुलींचे मंडळ’ एवढीच कल्पना मनात ठेवली तर प्रस्तुत प्रकल्प समजणार नाही. सभासदत्व पदवीनंतरही सुटत नाही. पदवीधरांच्या वेगळ्या शाखा असतात. मिसिसिपीत गेलेल्या पथकांत डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका, समाजसेविका होत्या, आणि खर्च शाखाशाखांतून गोळा होई.

कल्पना आयडा लुईझ जॅक्सन यांची. त्यांचा जन्म मिसिसिपीतील व्हिक्सबर्गचा; पुढे त्या कॅलिफोर्नियात ओकलंडला शिक्षिका होत्या. मंडळाच्या अध्यक्ष असताना १९३४ मध्ये त्यांनी होम्स काउंटीतील (जिल्ह्यातील) लेक्सिंग्टन येथे ग्रामीण शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवला. तेथील अनुभव असा, की खेड्यांतल्या आजारपणापुढे अध्यापनाचे प्रश्न दुय्यम ठरतात. पुढच्या वर्षी वैद्यकीय पथक आले. त्याच्या प्रमुख डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी या टफ्ट्स विद्यापीठाच्या वैद्यक पदवीधर होत्या.

मूळ योजनेत दवाखाने ठरलेल्या ठिकाणी भरायचे होते. पण बड्या जमीनमालकांनी आपल्या कुळांना मळा सोडून तिथे जाऊ देण्यास नकार दिला. शेजारच्या आर्कान्सॉमध्ये १९३४ मध्येच कुळांची संघटना उभी राहिली होती, त्यामुळे बाहेरून आलेल्या शिकलेल्या कृष्णवर्णीय बायका चिथावणी द्यायलाच आल्या असणार, हा संशय. तेव्हा पथकाने औषधे स्वतःच्या मोटारींत भरली आणि दवाखाना मळ्यावर नेला. चर्चमध्ये, शाळेत, नाहीतर झाडाखाली तपासणी चाले. घोड्यावरचे सशस्त्र मुकादम जवळ उभे राहून काय बोलले जाते ते ऐकत, असे फेरेबी यांनी नंतर सांगितले आहे. १९३६ पासून काम मुख्यतः बोलिव्हर काउंटीत, माउंड बायू या १८८७ मध्ये कृष्णवर्णीयांनीच वसवलेल्या गावाच्या परिसरात, होऊ लागले.

‘अमेरिकेतील पहिला फिरता दवाखाना’ हे बिरुद या प्रकल्पाला वारंवार लावले जाते. ते शब्दशः घेणे कठीण आहे. संघराज्य शासनाच्या बाल विभागाने पहिल्या महायुद्धानंतर लगेचच मुलांच्या तपासणीसाठी सज्ज केलेली मोटार खेड्यांत फिरवली होती. अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेची ‘चालती शाळा’ तर १९०६ पासूनची. ती मूळची शेतीशिक्षणाची असली तरी पुढे तिच्याबरोबर परिचारिकाही जाऊ लागली. शिवाय मिसिसिपीतील मोटारी खाजगी होत्या, वैद्यकीय वाहने नव्हेत. त्यामुळे ‘कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्वबळावर चालवलेल्या आरंभीच्या फिरत्या दवाखान्यांपैकी एक’ एवढेच म्हणणे रास्त वाटते. फिरतेपणा ही योजना नव्हती, ती जमीनमालकांच्या आडकाठीतून काढलेली वाट होती.

मुख्य काम मुलांना देवी आणि घटसर्प यांच्या लशी टोचण्याचे. लसीकरणाचा एकूण आकडा सामान्यतः १५,००० च्या आसपास दिला जातो. तो मंडळाच्या स्वतःच्या नोंदींवर आधारलेला दिसतो. याशिवाय दातांची तपासणी, हिवताप व गुप्तरोगांवरील उपचार आणि आहाराविषयी मार्गदर्शन होई.

आहाराचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. कुळांचे रोजचे जेवण म्हणजे मक्याचे पीठ, खारवलेले चरबट डुकराचे मांस आणि काकवी. यातून पेलाग्रा होई : उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, पुढे बुद्धिभ्रंश. हा रोग संसर्गजन्य नसून आहारजन्य आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतीलच रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर १९१५ मध्ये कैद्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. नायसिन या जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध मात्र १९३७ मध्ये, म्हणजे प्रकल्प चालू असताना, स्पष्ट झाला. मक्यातील नायसिन बांधलेल्या स्वरूपात असल्याने शरीराला मिळत नाही. (दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्यांतही हा रोग आढळत असे, हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी १९६० मध्ये त्याचे खापर ल्यूसिन या अमिनो आम्लावर फोडले, पण ते मत निर्विवाद नाही.) पथकाने ‘भाजीपाला, दूध खा’ असे सांगितले तरी अनेक मळ्यांवर कापूस थेट झोपडीच्या दारापर्यंत लावलेला असे, परसबाग करायला जागा कुठली?

याच कारणाने काही अभ्यासक या कामावर शहरी मध्यमवर्गाचा शिक्का पाहतात : स्वच्छतेचे धडे दिले, जमीनव्यवस्थेला हात लावला नाही. इतरांच्या मते वर्णभेदाच्या त्या प्रदेशात कृष्णवर्णीयांच्या आरोग्याची मागणी उभी करणे हेच राजकीय कृत्य होते. मळ्यावर प्रवेश मालकाच्या मर्जीवर अवलंबून होता हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. मंडळाने १९३८ मध्ये वॉशिंग्टनला कायदेमंडळात पाठपुरावा करणारी वेगळी परिषदही स्थापन केली होती.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल व टायर यांवर नियंत्रण आले आणि मोटारींवर चालणारा प्रकल्प थांबला. माउंड बायूमध्ये १९४२ साली एका कृष्णवर्णीय बंधुमंडळाने टॅबोरियन रुग्णालय उघडले. अमेरिकेतील पहिल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रासाठीही १९६० च्या दशकात हेच गाव निवडले गेले.