पुष्पवर्णनाची परिभाषा

फुलाचे भाग आणि वनस्पतीच्या अंगावरील खुणा यांचे नेमके वर्णन करण्यासाठी वनस्पतिशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह. मराठीत या संज्ञांचे दोन संच रूढ आहेत. फुलाच्या सर्वांत बाहेरच्या, बहुधा हिरव्या असलेल्या मंडलाला पाठ्यपुस्तके निदलपुंज म्हणतात, तर मराठी विश्वकोश त्यालाच संवर्त म्हणतो. आतल्या मंडलांची नावे अनुक्रमे दलपुंज किंवा पुष्पमुकुट (पाकळ्या), पुमंग किंवा केसरमंडल (पुंकेसर) आणि जायांग किंवा किंजमंडल (स्त्रीकेसर) अशी आहेत. स्त्रीकेसराच्या टोकाला एकीकडे कुक्षी व दुसरीकडे किंजल्क म्हणतात. संस्कृतात किंजल्क म्हणजे कमळातला केसर. त्यामुळे संस्कृत जाणणारा वाचक या संज्ञेपाशी अडखळतो.

कोकणात ही परिभाषा विशेष उपयोगी पडते, कारण येथे डोळ्यांत भरणारा किंवा खाल्ला जाणारा भाग पुष्कळदा पाकळी नसतोच. पावसाळ्यात भूतकेसाच्या झुडपावर दिसणारे पांढरे ‘पान’ हे मोठे झालेले एक निदल, म्हणजे निदलपुंजाचा एक घटक, असते आणि खरे फूल म्हणजे त्याच्या शेजारची लहानशी नारिंगी नळी. केवड्याच्या कणसाची सुवासिक पाती हे नरपुष्पविन्यासाला, म्हणजे नरफुलांच्या फुलोऱ्याला, वेढणारे छद (फुलोऱ्याच्या किंवा फुलाच्या तळाशी येणारी पाने) होत. आतल्या फुलांना पाकळ्या नसतात. काजूचे बोंड हा फुगलेला देठ असून खरे फळ त्याच्या टोकाला लटकणारी बी आहे.

केळफूल निवडणाऱ्या गृहिणीला यातला बराच भाग हाताने माहीत असतो. जांभळी साल, म्हणजे छद, उचलली की खाली फुलांची फणी दिसते. चिकाने हात काळे पडू नयेत म्हणून बोटांना तेल लावून ती प्रत्येक फुलातून दोन गोष्टी काढून टाकते: टोकाला गाठ असलेला ताठ दांडा आणि एक पारदर्शक पापुद्रा. दांडा म्हणजे कुक्षीवृंत, त्याची गाठ म्हणजे कुक्षी. पापुद्रा हे परिदलमंडलातील (निदले व पाकळ्या वेगळ्या ओळखता न येणाऱ्या मंडलातील) सुटे राहिलेले परिदल, कारण उरलेली पाच परिदले एकमेकांना जुळलेली असतात. निदल व दल असा भेद जेथे करता येत नाही तेथे परिदल हीच संज्ञा वापरावी; रत्नागिरीच्या सड्यांवर (जांभ्या खडकाच्या पठारांवर) पावसाच्या आरंभी फुलणाऱ्या पांढऱ्या दीपकाडीची सहा परिदले हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

आंब्याच्या एकाच मोहोरात नर व द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असतात. त्यांत बहुधा एकच पुंकेसर कार्यक्षम असतो, बाकीचे वंध्यकेसर.

खुणांच्या संज्ञा मोजक्या आहेत. गळलेल्या पानाच्या जागी राहिलेला व्रण म्हणजे पर्णकिण. माडाच्या व पोफळीच्या खोडावरील वलये ही झावळ्यांचे किणच होत. दोन वा अधिक रंगांच्या पट्ट्यांच्या किंवा डागांच्या पानाला शबल म्हणतात. सुरणाच्या दांड्यावर सापाच्या कातडीसारखे फिकट डाग असतात, मात्र त्यांचे वर्णन करताना ‘खोडावरील’ असे लिहिणे चूक आहे, कारण तो दांडा म्हणजे एका मोठ्या विभागलेल्या पानाचा देठ असतो आणि खोड कंदरूपाने जमिनीखाली असते.