घरगुती नेटवर्कवरील फाइल शेअरिंग : बिघाड व दुरुस्ती

एकाच राउटरला जोडलेल्या संगणकांपैकी एकावरचे फोल्डर दुसऱ्यावरून न दिसणे किंवा न उघडणे, हा घरगुती नेटवर्कचा नेहमीचा बिघाड. ग्रामीण विदर्भात तो बहुधा कामाच्या मधोमध आडवा येतो. पुढच्या खोलीत आपले सरकार सेवा केंद्र किंवा फोटो स्टुडिओ, मागे राहते घर, स्कॅनर एका संगणकाला आणि प्रिंटर दुसऱ्याला, अशी मांडणी वरुड, आर्वी, दारव्हा या तालुक्यांत सहज आढळते.

या देवाणघेवाणीला इंटरनेट लागत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी राउटरला वीज आहे तोवर फाइल जाते आणि डेटाही खर्च होत नाही. म्हणून नेट गेल्यावर पेनड्राइव्ह घेऊन धावण्याची गरज नसते. विंडोजमध्ये हे काम एसएमबी या प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी आपसात बोलण्याच्या ठरलेल्या नियमांवर चालते. तो मुळात आयबीएममध्ये तयार झाला आणि आज टीसीपी पोर्ट ४४५ (संगणकाचे या कामासाठी ठरलेले क्रमांकाचे दार) वापरतो. लिनक्सवर तेच काम साम्बा हे सॉफ्टवेअर करते.

शोधाची सुरुवात सेटिंगपासून नव्हे, पत्त्यापासून करावी. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधली त्याची ओळख सांगणारे ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे, दिसतो. सर्वसाधारण घरात दोन्ही संगणकांच्या पत्त्यांतले चारपैकी पहिले तीन आकडे सारखे हवेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

गावाकडचे सर्वांत फसवे कारण म्हणजे दोन राउटर. फायबरच्या पेटीत वायफाय असतोच, पण धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतींतून तो मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून दुसरा राउटर आणून पेटीची केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत घेण्याच्या खाचेत) लावली जाते. मग एका संगणकाला १९२.१६८.१ चा पत्ता मिळतो, दुसऱ्याला १९२.१६८.० चा. इंटरनेट दोन्हीकडे नीट चालते, त्यामुळे शंकाही येत नाही. आतल्या राउटरमागचा संगणक पत्ता टाकून बाहेरच्यापर्यंत पोचू शकतो, उलट दिशेने मात्र वाट बंद असते. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरची डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावी, त्याला पेटीच्या मालिकेतला वेगळा मोकळा पत्ता द्यावा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये (घरातले संगणक जोडण्याच्या खाचेत) लावावी.

भारनियमनानंतर लाइन परत आली की राउटर संगणकांना कधी नवे पत्ते वाटतो. पत्त्यावर बनवलेले शॉर्टकट तेव्हा निकामी होतात. ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्याचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा. तो संगणक झोपेत जाणार नाही, हेही पाहावे.

पत्ते जुळूनही संगणक दिसत नसेल, तर नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ असण्याची शक्यता मोठी. ते ‘प्रायव्हेट’ करून नेटवर्क डिस्कव्हरी (संगणकांनी एकमेकांना दिसण्याची सोय) आणि फाइल शेअरिंग सुरू करावे. पिंगला, म्हणजे दुसरा संगणक पोचतो का हे पाहणाऱ्या आज्ञेला, उत्तर आले नाही म्हणून केबल खराब ठरत नाही, कारण फायरवॉल ही संगणकाची संरक्षक भिंतही पिंग अडवते.

पासवर्ड वारंवार नाकारला जात असेल, तर टाकलेला आकडा विंडोज उघडण्याचा पिन आहे का ते तपासावे. येथे फोल्डर असलेल्या संगणकावरच्या खात्याचा पासवर्डच लागतो. घरचाच संगणक म्हणून पासवर्ड न ठेवलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. फोल्डरला शेअरची आणि सुरक्षेची अशा दोन परवानग्या असतात आणि त्यांतली अधिक कडक लागू होते.

जुने स्कॅनर आणि विंडोज एक्सपीचे संगणक एसएमबीची पहिली आवृत्ती मागतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरले आणि त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींत ती आवृत्ती मुळात बंद असते. एका स्कॅनरसाठी ती पुन्हा चालू करणे किंवा फायरवॉल पूर्ण बंद ठेवणे, हा उपाय धोक्याचा आहे. सेवा केंद्राच्या संगणकावर गावकऱ्यांची आधार आणि बँकेची कागदपत्रे असतात. असा स्कॅनर यूएसबीने जोडावा.

पावसाळ्यात जवळपास वीज पडल्यावर कधी राउटरचा एखादाच लॅन पोर्ट जळतो आणि बाकी सगळे दिवे लागलेले असतात. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहिली की ते लगेच कळते.